बाल्साचं आरसी विमान: अमळनेरात बांधलं, बोरीकाठच्या शेतात उडवलं

बोरीकाठ | ३ मार्च, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर बांधायला घेतलेलं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं आणि रिमोटवर उडणारं (आरसी) विमान गेल्या रविवारी उडालं. मराठीत या विषयावरचं सगळं एका जागी मला मिळालं नाही, आणि आपल्या खान्देशच्या हवेत, उन्हात, काळ्या मातीत काय वेगळं करावं लागतं ते तर कुठेच नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मोजमाप. पंख टोकापासून टोकापर्यंत १२० सेंमी, रुंदी सरसकट २० सेंमी, धडाच्या वर बसणारा. रिमोटवरून तीनच गोष्टी चालतात (तीन चॅनल): मोटार, रडर (शेपटीचं डावं-उजवं वळवणारं उभं पातं) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं आडवं पातं). २२१२ मापाची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) ब्रशलेस मोटार, तिचा वेग कमी-जास्त करणारा ३० अँपिअरचा ईएससी, १० × ४.५ इंचाचा प्रॉपेलर, तीन सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी, पाती हलवणारे नऊ-नऊ ग्रॅमचे दोन सर्व्हो. उडायला तयार वजन ८६० ग्रॅम.

माझे वडील, नाना, सुतार आहेत. वय ७२. बैलगाडीची चाकं, वखर, तिफण, दारं-चौकटी, सगळं आयुष्य बाभळीत आणि सागात गेलं. बाल्साच्या फळ्यांचं पार्सल उघडलं तेव्हा त्यांनी एक फळी तळहातावर घेतली, वर-खाली केली आणि म्हणाले, "पोऱ्या, हाई लाकूड शे का कापूस?"

पहिला आठवडा आमचं जमेना. नानांचा हात मजबुतीला सरावलेला. जिथे जोड दिसेल तिथे त्यांना अजून एक पट्टी टाकावीशी वाटे. मी दर वेळी म्हणायचो, नाना, वजन. एके दिवशी मी सगळ्या फळ्या घेऊन गल्लीतल्या सराफाच्या दुकानात गेलो आणि त्याच्या काट्यावर एकेक तोलून पेन्सिलीने आकडा लिहून आणला. १ मीटर लांब, १० सेंमी रुंद, ३ मिमी जाड अशी एक फळी ३३ ग्रॅम भरली. तीच मापं, तोच गठ्ठा, आणि दुसरी फळी ६१ ग्रॅम! नानांनी त्या दोन्ही हातात घेतल्या, नखाने दाबून पाहिल्या आणि तिथून पुढे कुठली फळी कुठे लावायची हे त्यांनीच ठरवलं. हलकी शेपटीला, जड धडाच्या पुढच्या भागाला. बाल्सा घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. दिसायला सगळ्या फळ्या सारख्याच असतात.

शेपटीचं एवढं का? आमच्या विमानात तोलबिंदूपासून शेपटी ६० सेंमीवर आणि नाक २० सेंमीवर आहे. शेपटीत १० ग्रॅम जास्त गेले की नाकात ३० ग्रॅम शिसं भरावं लागणार. दहाचे चाळीस झाले. हा हिशोब मी तराजूची दांडी धरून समजावला आणि त्यानंतर "अजून एक पट्टी" हा शब्द घरात निघाला नाही.

पंखाच्या रिब, म्हणजे फासळ्या, २ मिमीच्या, दोन्ही अर्ध्या मिळून २२. दोन प्लायवूडच्या साच्यांमध्ये सगळ्या चकत्या बोल्टने आवळल्या आणि एकत्रच पॉलिश पेपरने घासल्या, म्हणजे एकही लहान-मोठी राहत नाही. रिबचा आकार 'क्लार्क-वाय' नावाचा. १९२२ सालचा हा आकार आजही शिकाऊ विमानांना चालतो, कारण त्याची खालची बाजू बरीचशी सपाट असते आणि पंख सरळ पाटावर ठेवून बांधता येतो. आमचा पाट म्हणजे जुन्या फ्लश दाराचा तुकडा. नानांनी त्यावर सुतळ्या ताणून तो चारही बाजूंनी तपासला, एका कोपऱ्यात दीड मिमीचा बाक निघाला, तो रंध्याने काढला आणि मगच नकाशा अंथरू दिला. नकाशावर पॉलिथिन टाका, नाहीतर पंख नकाशालाच चिकटतो.

मुख्य पट्ट्या, म्हणजे स्पार, बाल्साच्या नाहीत. नानांनी शिवणीच्या लाकडाच्या ६ × ४ मिमीच्या पट्ट्या चिरल्या, लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) टोकापर्यंत सरळ जाईल अशी बघून. एक वर, एक खाली. चारही मिळून २६ ग्रॅम. या दोन पट्ट्यांच्या मधली जागा प्रत्येक खणात बाल्साच्या तुकड्याने बंद करायची, आणि त्या तुकड्याची रेषा उभी हवी. पंख वर वाकतो तेव्हा वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधला तुकडा दोघींना एकमेकींवरून सरकू देत नाही. आडव्या रेषेचा तुकडा लावला तर तो मधोमध चिरतो. नाना एवढंच म्हणाले, "हा तर गर्डर आहे." त्या क्षणापासून विमान त्यांचं झालं.

पंख जोडून झाल्यावर त्याची टोकं दोन स्टुलांवर ठेवली आणि मधोमध दोन किलो साखरेची पिशवी ठेवली. सरळ उडताना पंखाच्या मुळाशी जो वाक येतो त्याच्या साधारण साडेचार पट हा भार होतो. पंख जरा वाकला, पिशवी काढल्यावर परत जागेवर आला. नाना बराच वेळ बघत राहिले. रंग-फिल्म नसलेल्या त्या सबंध पंखाचं वजन तेव्हा १२० ग्रॅमच्या आतच होतं.

मढवणं आणि उडवणं पुढच्या प्रतिसादात लिहितो. उद्या पहाटे पाण्याची पाळी आहे.

---

गिरणाथडी | ३ मार्च, रात्री १०:०२

वाचतेय. नानांचा प्रश्न एकदम बरोबर होता, बरं का. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. बाल्सा, आपली काटेसावर आणि कपाशी एकाच कुळातली, मालव्हेसी. काटेसावरीचं लाकूडही हलकं आणि मऊ असतं, पूर्वी आगपेट्यांसाठी जायचं. बाल्साच्या बोंडातही कापसासारखा तंतू असतो. नानांना नक्की सांगा.

---

उनाडवारा | ४ मार्च, सकाळी ७:४०

छान लिहिलंय भाऊ, पण एक मत मांडतो. मी धुळ्याचा, सहा वर्षं उडवतोय. नवीन माणसाने बाल्साने सुरुवात करू नये. चार महिने खपायचं आणि चार सेकंदांत जमिनीत. सनबोर्ड (फोमचा पत्रा) किंवा कोरोप्लास्टचं (प्लास्टिकचा पोकळ पत्रा) विमान दोन संध्याकाळींत होतं, पडलं तर टेप मारून त्याच दिवशी परत उडतं. आधी बोटांना सवय, मग लाकूड. नव्या मुलांनी धागा वाचून थेट बाल्सा मागवला आणि पहिल्याच उड्डाणात मोडला तर ती या छंदाकडे परत फिरकणार नाहीत, ही काळजी आहे.

---

बोरीकाठ | ४ मार्च, रात्री ८:५०

गिरणाथडी ताई, नानांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

उनाडवारा भाऊ, तुमची काळजी रास्त आहे. मीही आधी दोन महिने संगणकावरच्या सिम्युलेटरवर बोटं बसवली आणि गावातल्या एका मित्राच्या सनबोर्डच्या विमानावर आठ-दहा वेळा उडवून पाहिलं. ते लिहायला हवं होतं. पण बाल्साच्या बाजूनेही एक सांगतो. सनबोर्डचं विमान पडलं की चिकटवता येतं, पण प्रत्येक वेळी जड आणि वाकडं होत जातं. बाल्साचा मोडलेला भाग कापून तिथे त्याच मापाचा नवा तुकडा बसवता येतो, तिरका जोड देऊन. जोड लांब ठेवला तर मूळच्या लाकडाइतकाच टिकतो. आणि घरात सुतार, शिवणकाम करणारी बाई, सायकलवाला, कुणीही हातकामाचा माणूस असेल तर त्याची आयुष्यभराची विद्या या विमानात लागते. सनबोर्डात नानांना करण्यासारखं काही नव्हतं.

आता मढवणं.

आम्ही इस्त्रीने चिकटणारी आणि तापवल्यावर आवळणारी फिल्म वापरली. वर पिवळी, खाली पांढऱ्यावर गडद निळे पट्टे. वर-खाली वेगळे रंग शोभेसाठी नसतात. शंभर मीटरवर विमान तुमच्याकडे येतंय की लांब जातंय, सुलटं आहे की कलंडलंय, हे रंगावरूनच कळतं. गडद रंग वरच्या बाजूला घेऊ नका, आपल्याकडच्या उन्हात तो भलताच तापतो.

मढवण्याआधीची तयारीच मोठी. सबंध सांगाडा २४० नंबरच्या पेपरने घासला, मग ओलसर फडक्याने पुसला. डिसेंबर-जानेवारीत आमच्या शेजारच्या ओसरीवर कापूस भरलेला असतो, त्याचे तंतू हवेत फिरत असतात. एक तंतू फिल्मखाली राहिला तरी कायमचा दिसतो आणि तिथे चिकटतही नाही. शेवटी खोली बंद करून, पंखा बंद करून, जमीन ओली पुसून रात्री मढवलं.

घरातल्या इस्त्रीला जुना सुती मोजा चढवला. क्रम असा: आधी खालची बाजू, मग वरची, म्हणजे वरची फिल्म खालचीवर चढते आणि शिवण वरून दिसत नाही. आधी कमी तापावर फक्त कडा चिकटवायच्या, फिल्म बरीचशी ताणलेली पण सुरकुत्या असलेली चालते. मग ताप वाढवून मधला भाग आवळायचा. पहिल्यांदा मी उलटं केलं, मधूनच तापवायला सुरुवात केली आणि कडा सुटून आत ओढल्या गेल्या. एक बाजू पूर्ण काढून परत केली. उरलेल्या बाल्सावर चौकोनी चौकट करून आधी तिच्यावर हात बसवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: फिल्म आवळताना ती पंखाला पिळते. वरची बाजू जास्त आवळली की पंख तिकडे ओढला जातो. आमचा डावा पंख टोकाशी ४ मिमी पिळला होता. नानांनी डोळा लावून पाहिलं आणि लगेच सांगितलं, मला तो दिसतही नव्हता. दुरुस्ती सोपी आहे: एकाने पंख उलट दिशेला पिळून धरायचा, दुसऱ्याने दोन्ही बाजूंवरून इस्त्री फिरवायची, थंड होईपर्यंत सोडायचं नाही. याच पद्धतीने दोन्ही टोकांची मागची कड मुद्दाम ३ मिमी वर उचलून घेतली. दोन्हीकडे अगदी सारखी.

---

सातपुड्यापलीकडे | ५ मार्च, दुपारी १:२०

मागची कड वर का उचलली? मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वॉशआउट हा शब्द वाचलाय पण काका, तुम्ही सांगा.

---

बोरीकाठ | ५ मार्च, रात्री ९:०५

वेग कमी झाला की पंख हवेला पकडून राहू शकत नाही, त्याला स्टॉल म्हणतात. तो टोकापासून सुरू झाला तर एक टोक आधी पडतं आणि विमान गिरक्या घेत खाली येतं. टोकाची मागची कड वर असली (हाच वॉशआउट) की टोक हवेला जरा कमी कोनात भिडतं, म्हणून मधला भाग आधी सोडतो आणि टोकं अजून धरून असतात. विमान फक्त नाक खाली घालतं, सरळ. मग वेग येतो आणि सावरतं.

आमच्या विमानाला एलेरॉन (पंखांवरची, विमान कलवणारी पाती) नाहीत, म्हणून प्रत्येक टोक मध्यापेक्षा ६ सेंमी उंच ठेवलंय. साधारण पावणेसहा अंश. रडर दिला की विमान आधी वळतं, मग त्या उचललेल्या पंखांमुळे आपोआप कलतं, आणि रिमोटची काठी सोडली की आपोआप सरळ होतं. शिकणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

---

भुसावळी_उन्हाळा | ५ मार्च, रात्री ११:३०

उन्हाचं माझ्याकडून जोडा. मागच्या एप्रिलमध्ये मॉडेल बंद गाडीत ठेवून लग्नाला गेलो. दोन तासांनी परत आलो तर फिल्म सगळीकडे सैल, एक पंख केळीच्या पानासारखा पिळलेला, आणि लिपो फुगलेली. बाहेर ४४ अंश होतं, आत किती असेल देव जाणे. पंख इस्त्रीने सरळ झाला. बॅटरी टाकावीच लागली. लिपो घरात, गार जागेत, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून द्या. पूर्ण भरून आठवडाभर पडू देऊ नका, आणि चार्जिंगला लावून झोपू तर अजिबात नका.

---

काटकोन | ६ मार्च, सकाळी १०:१०

परवानगीचं काय? जळगावला विमानतळ आहे, धुळ्याला गोंदूरची धावपट्टी, शिरपूरलाही आहे. उडवायचं कुठे?

---

उनाडवारा | ६ मार्च, दुपारी २:४५

ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. तरी जागेचे निर्बंध आपल्यालाही लागू. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपलं शेत कुठल्या रंगात येतं ते आधी बघायचं. हिरव्या हद्दीत ४०० फुटांपर्यंत. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट होते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाहीच. नकाशा बदलत असतो, दर वेळी बघा. आणि आमच्याकडे शिकाऊ वैमानिकांची विमानं फिरतात. इंजिनाचा आवाज आला की मी आधी खाली उतरवतो, मग वर बघतो.

---

बोरीकाठ | ७ मार्च, रात्री ९:४०

उनाडवारा भाऊ, हे फार कामाचं. आता उड्डाण.

जागा शोधायला दोन रविवार गेले. दादर (रब्बी ज्वारी) अजून उभी होती. केळीच्या बागेजवळ नको होतं, विमान आत गेलं तर शोधताना दुसऱ्याचे घड मोडतात. शेवटी नदीकडचं एक कपाशीचं शेत मिळालं, पऱ्हाट्या उपटून नेलेल्या, नांगरट व्हायची होती. विजेच्या तारा नाहीत, रस्ता लांब. शेतमालकाला आदल्या दिवशी जाऊन विचारलं, तो स्वतःच बघायला आला.

वेळ पहाटेची. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य उगवताना हवा अगदी निश्चल असते. वस्तीवरच्या चुलीचा धूर सरळ वर जात होता, तोच आमचा वारादर्शक. नऊनंतर जमीन तापते, हवेचे लोट वर उठायला लागतात, आणि एवढं हलकं विमान त्यात पानासारखं हलतं.

उडवण्याआधी: पुढच्या कडेपासून ५ सेंमीवर दोन बोटं लावून तोल पाहिला, नाक किंचित खाली. विमानाच्या मागे उभं राहून काठी उजवीकडे केली, रडर उजवीकडे गेला. रिमोट रेंज-तपासणीवर टाकून तीस पावलं मागे गेलो, सर्व्हो थरथरले नाहीत. रिमोट बंद केल्यावर मोटार बंद होते ना, ते विमान घट्ट धरून पाहिलं. पंख बांधायला सायकलच्या ट्यूबचे नवे कापलेले काप, आठ. सर्व्होपासून पात्यांपर्यंत जाणारे पुशरॉडही सायकलच्या आऱ्यांचेच आहेत, निप्पलच्या आट्यांमुळे लांबी अर्ध्या मिमीने जुळवता येते.

मित्राने विमान हातातून सोडलं. त्याला एकच सांगितलं होतं: नाक वर करायचं नाही, समोरच्या बाभळीच्या बुंध्याकडे सरळ ढकलायचं. पूर्ण थ्रॉटल (मोटारीचा जोर) दिला. सुटल्याबरोबर ते जरा खाली बसलं, माझ्या पोटात गोळा आला, मग उचललं. डावीकडे ओढत होतं, मोटारीच्या पिळामुळे. उजवा रडर थोडा धरून ठेवला. दोन आंब्यांच्या झाडांइतकं वर गेल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर आणला, उजवीकडे चार क्लिक ट्रिम (रडर कायम जरा वळवून ठेवणारी दुरुस्ती) दिला आणि काठी सोडली.

ते सरळ जात राहिलं. कुणीही धरलेलं नसताना. पिवळा पंख उन्हात आला आणि त्यातून आतल्या रिबांच्या सावल्या दिसल्या, एकेक मोजता येतील अशा. नाना शेताच्या बांधावर उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. म्हणाले, "उडनं रे." इतक्या हळू की मला वाटलं ते स्वतःशीच बोलले.

मग वर जाऊन मुद्दाम मोटार बंद करून नाक वर धरलं. विमान थबकलं आणि नाक खाली घालून सरळ उतरलं, कुठलंही टोक पडलं नाही. त्या तीन मिमींचं तिथे चीज झालं.

अवघड गेलं ते परत येताना. विमान आपल्याकडे येतं तेव्हा डावं-उजवं उलटतं. माझाही एकदा रडर चुकला आणि ते शेतमालकाच्या बाजूला कललं. त्यावर लक्षात ठेवायची युक्ती: जो पंख खाली गेलेला दिसतो, त्याच बाजूला काठी द्या. तो पंख वर येतो. तेवढं आठवलं आणि सावरलं.

चार मिनिटांचा गजर लावला होता. तो वाजायच्या आधीच नाना म्हणाले, "आते उतार त्याले." लांबून, थ्रॉटल कमी करत, सरळ आणलं. टेकलं छान, पण चाक काळ्या मातीच्या भेगेत गेलं आणि विमान उलटं झालं. प्रॉपेलर तुटला, चाकाच्या तारेचा प्लायवूडचा पाट धडातून निघाला. पंखाला काही नाही, कारण ट्यूबचे काप सुटले आणि पंख बाजूला पडला. त्यासाठीच पंख स्क्रूने आवळायचा नसतो.

एक दोष राहिला आहे. थ्रॉटल वाढवला की नाक फार उचलतं. मोटारीच्या वरच्या दोन बोल्टांखाली वॉशर घालून ती दोनेक अंश खाली झुकवतोय.

---

गिरणाथडी | ७ मार्च, रात्री १०:२०

टोपी काढून हातात घेतली, तिथे थांबले. पुन्हा वाचलं.

---

उनाडवारा | ८ मार्च, सकाळी ८:०५

मनापासून अभिनंदन, भाऊ. माझं सनबोर्डबद्दलचं मत मी सोडत नाही, पण माझ्या मुलाने हा धागा वाचून आजोबांच्या पेटीतला रंधा बाहेर काढलाय. काळ्या मातीसाठी चाकं मोठी घ्या, निदान ७ सेंमी व्यासाची. नाहीतर चाकंच काढा आणि पोटावर उतरवा, खाली पॉलिकार्बोनेटची पट्टी लावून.

---

सातपुड्यापलीकडे | ८ मार्च, दुपारी १२:३०

काका, चाकाचा पाट परत कसा बसवला? माझ्या मॉडेलचा तिसऱ्यांदा निघालाय.

---

बोरीकाठ | ८ मार्च, रात्री ९:१०

नुसता चिकटवू नकोस, पुन्हा निघेल. आधी तिथला फाटलेला बाल्सा चौकोनात कापून काढ. मग पाटाच्या दोन्ही बाजूंना आतून ३ मिमीच्या कठीण बाल्साच्या तिकोनी पट्ट्या लाव, रेषा धडाच्या लांबीला समांतर. इपॉक्सी लावण्याआधी प्लायवूडला सुईने बारीक भोकं पाड, म्हणजे ते आत धरतं. रात्रभर वजन ठेव. सगळं मिळून ६ ग्रॅम वाढले, आणि ते तोलबिंदूच्या जवळ असल्याने शिसं लागलं नाही.

उनाडवारा भाऊ, चाकं सांगितली तशी मोठी घेतो. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, बहीण येणार आहे, तिच्या मुलाला उडताना दाखवायचंय. पण तेव्हा सकाळी सहालाच शेतात जावं लागेल, सातनंतर नाही. नानांनी दुसऱ्या पंखासाठी शिवणीच्या पट्ट्या चिरायला घेतल्यात. आज चार तोलल्या, २३ ग्रॅम भरल्या. आधीच्यापेक्षा ३ कमी. उद्या रेषा पुन्हा बघून एक बदलायची म्हणतात, टोकाशी जरा तिरकी गेली आहे.